नोंदीचे मोल आणि नावाची पावती

तळवड्याकडून इंद्रायणी ओलांडून चाकणच्या दिशेने निघाले की निघोजे गावाचा परिसर लागतो. खेड तालुक्यातील हे गाव एके काळी केवळ शेतीवर जगत होते. २००९ मध्ये येथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग आसपासच्या शिवारात उभी राहिली. तरीही परगावच्या माणसाला निघोजे म्हटले की पारनेर तालुक्यातील, कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेले निघोज आठवते. नावात एका मात्रेचा फरक, पण गावे दोन, तालुके दोन, जिल्हेही दोन. अशी गफलत दूर करणे हे कोशाचे काम. कोशातील नोंद नेमकी असली तर अनोळखी माणूसही योग्य ठिकाणी पोहोचतो.

याच परिसरातील एका जैन कुटुंबाचे उदाहरण घेऊ. कुटुंब कल्पित आहे. त्याच्यापुढचा प्रश्न मात्र खरा आहे. आजोबांचे किराणा मालाचे दुकान होते. वडिलांनी लोखंडी पत्र्याचा व्यापार केला. आता मुलगा पत्र्याचे दाबकाम करून वाहनांचे भाग पुरवतो. परदेशी खरेदीदार माल पाहण्याआधी संगणकावर कारखान्याचे नाव शोधतो, हे त्याच्या ध्यानात आले आहे. अशातच एके दिवशी दूरध्वनी येतो. बोलणारा सांगतो, "आम्ही तुमच्या कंपनीचे पान विकिपीडियावर तयार करून देऊ. लेखक आमचे, मजकूर आमचा, तुम्ही फक्त रक्कम भरा. एकदा पान झाले की ते कायमचे राहील." मुलाला प्रस्ताव आवडतो. जाहिरातीच्या खर्चापुढे ही रक्कम त्याला फारशी वाटत नाही. तो वडिलांना विचारतो. वडील उलट एकच प्रश्न करतात, "पैसे आपण दिले, हे त्या पानावर कोठे लिहिलेले असेल?" पलीकडून उत्तर येते, "कोठेच नाही. तीच तर आमची खासियत आहे."

या उत्तराने मुलाला दिलासा मिळतो आणि वडील अस्वस्थ होतात. दोघांपैकी कोणाचे मन योग्य वाट दाखवीत आहे, हे ठरवण्यासाठी ऑनलाइन कोशाचा व्यवहार कसा चालतो ते पाहिले पाहिजे.

विकिपीडियाचा आरंभ २००१ च्या जानेवारीत इंग्रजीत झाला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. येथे कोणीही लिहू शकतो, दुरुस्ती करू शकतो आणि त्यासाठी कोणाला वेतन मिळत नाही. प्रत्येक पानामागे त्याचा इतिहास जपलेला असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या क्षणी, कोणत्या खात्यावरून कोणता शब्द घातला अथवा काढला गेला, हे सारे तेथे पाहता येते. व्यापारी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. ही एक प्रकारची रोजकीर्दच आहे. पान म्हणजे खतावणीतील निघालेली बाकी, आणि इतिहास म्हणजे ती बाकी कशी निघाली हे सांगणारी रोजची नोंद. रोजकीर्द खोटी असेल तर बाकीवर विश्वास ठेवणार कोण?

अशा खुल्या व्यवस्थेत पैसे घेऊन लिहिणारे मुक्त लेखक शिरणार, हे उघडच होते. प्रारंभी त्याविषयी वाद झाले. अखेर १६ जून २०१४ रोजी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने आपल्या वापराच्या अटींत स्पष्ट नियम घातला. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपल्याला पैसे कोण देतो, काम कोणासाठी चालले आहे आणि त्यांच्याशी आपला संबंध काय, हे उघड केले पाहिजे. ते आपल्या सदस्यपानावर, लेखाच्या चर्चापानावर किंवा संपादनाच्या सारांशात लिहावे. पैसे घेणे एवढ्यानेच गुन्हा ठरत नाही. ते लपवणे हा अटींचा भंग ठरतो. म्हणजे "कोठेच नाव येणार नाही" अशी हमी देणारा मनुष्य नियम मोडण्याचीच हमी देत असतो, आणि ती मोडण्याची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल करतो.

ही किंमत कोठवर जाते, याचा दाखला २०१५ मध्ये मिळाला. इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी अनेक आठवडे तपास करून परस्परांशी गुंतलेली ३८१ खाती त्या वर्षी बंद केली आणि त्यांनी घातलेले २१० लेख काढून टाकले. त्यांच्यापैकी प्रथम सापडलेल्या खात्याच्या नावावरून हे प्रकरण ऑरेंजमूडी म्हणून ओळखले जाते. त्या टोळीची पद्धत लक्षात ठेवण्याजोगी आहे. एखाद्या छोट्या व्यावसायिकाने स्वतःविषयी पाठवलेला मसुदा प्रचारकी म्हणून नाकारला गेला की ही मंडळी तो हेरत. मग त्या व्यावसायिकाशी संपर्क साधून आपण अनुभवी संपादक असल्याचे भासवीत आणि लेख प्रसिद्ध करून देण्याचे पैसे मागत. लेख झळकल्यावर तो सुरक्षित ठेवण्यासाठी दरमहा रक्कम मागितली जाई. आधी दार उघडण्याचे पैसे, मग दार उघडे ठेवण्याचे. फसले ते बहुतेक लहान व्यावसायिक. शेवटी पैसे गेले, लेख गेले, आणि फसवणुकीच्या यादीत आपले नाव आल्याची नामुष्की तेवढी उरली.

येथे कोणी म्हणेल की मग कोशासाठी पैसे देणे हेच चूक. तसे म्हणता येणार नाही. मराठीतील कोशकार्य मोबदल्यावाचून उभे राहिलेले नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून विद्वत्तेची पदवी घेऊन परत आल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्यासाठी त्यांनी चक्क भागभांडवलाची कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवले, पगारी सहकारी नेमले आणि तेवीस खंडांचा कोश सिद्ध केला. कामाचा इतिहासही त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवला. ज्ञान आणि व्यापार यांचा संसार कसा मांडावा, याचा तो धडा आहे. भांडवल कोठून आले, काम कोणी केले, हे त्यात झाकून ठेवलेले नाही.

पुढे महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य आणि संस्कृतीसाठी मंडळ नेमले गेले आणि वाई येथे मराठी विश्वकोशाच्या कामाला आकार आला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एकूण वीस खंड झाले. आता तो विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो आणि विषयवार ज्ञानमंडळांमार्फत त्यात नव्या नोंदी पडतात, जुन्या अद्ययावत होतात. हे लेखक बहुतेक कार्यालयाबाहेरचे अभ्यासक असतात. त्यांना मानधन मिळते. ऑनलाइन कोशासाठी बाहेरच्या लेखकांना मोबदला देण्याची ही आपल्याच राज्यातील रीत होय. परंतु तेथील नोंद उघडून शेवटापर्यंत वाचावी. खाली लेखकाचे नाव असते. नव्या नोंदींखाली बहुधा समीक्षकाचेही नाव असते. पैसे शासनाचे, म्हणजे जनतेचे. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याचे नव्हेत. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा, आणि तिघेही उजेडात.

जैन समाजाला तर ही रीत फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. चार दानांत आहार, औषध आणि अभय यांच्या जोडीने शास्त्रदान सांगितले आहे. मुद्रणकला नव्हती तेव्हा श्रावक लहियांना मोबदला देऊन ग्रंथांच्या प्रती करवून घेत. दानचिंतामणी अत्तिमब्बे यांनी दहाव्या शतकात पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, असे परंपरा सांगते. एवढ्या प्रतींसाठी किती हात, किती ताडपत्रे आणि किती द्रव्य लागले असेल! अशा हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्कळदा प्रशस्ती आढळते. कोणत्या संवतात, कोणत्या नगरात, कोणत्या श्रावकाने, कोणाच्या श्रेयासाठी ही प्रत लिहविली आणि ती कोणाच्या हातची आहे, हे तिच्यात नोंदलेले असते. आज अभ्यासक त्या चार ओळींवरून एखाद्या गावातील व्यापाराचा, गच्छाचा आणि कुळांचा इतिहास जुळवतात. दात्याने नाव लिहविले म्हणून ग्रंथाला उणेपणा आला नाही. उलट ग्रंथाची विश्वासार्हता त्यामुळे वाढली.

महाराष्ट्रात या परंपरेची ठिकाणे जवळच आहेत. विदर्भातील कारंजा येथील मंदिरांतील ग्रंथभांडारांनी अपभ्रंश साहित्य जपले आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या विद्वानांना ते उपलब्ध झाले. सोलापूरच्या जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती जैन संस्कृति संरक्षक संघाच्या कामी दिली. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेत डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांनी तिलोयपण्णत्तीसारखा अवघड ग्रंथ संपादून दिला. आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नवलमल फिरोदिया यांनी पुण्यात सन्मति-तीर्थ संस्थेच्या रूपाने प्राकृत आणि जैनविद्येच्या अभ्यासाला आधार दिला. पिंपरी-चिंचवडच्या यंत्रांतून मिळालेले धन असे ज्ञानाच्या कामीही लागले. या दात्यांनी विद्वानांना निर्वाह दिला, साधने दिली, वेळ दिला. ग्रंथात काय लिहावे, हे मात्र विद्वानांवर सोपवले.

भेद नेमका येथे आहे. दान देणारा ज्ञानासाठी देतो आणि मजकुरावरचा आपला हक्क सोडतो. लपून पान विकत घेणारा मजकुरावर हक्क मिळवण्यासाठीच पैसे मोजतो. वर्तमानपत्रात जाहिरात दिली तर वाचक तिला जाहिरात म्हणूनच वाचतो. तेथे कोणाची फसगत नाही. कोशातील नोंद मात्र त्रयस्थाची साक्ष म्हणून वाचली जाते. स्वतःच लिहविलेली साक्ष त्रयस्थाच्या नावे सादर करणे, याला आचारशास्त्रात काय म्हणतात ते श्रावकाला शोधावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार आहे, म्हणजे खऱ्याच्या जागी खऱ्यासारखे दिसणारे खपवणे. सूत्रकारांपुढे दस्तऐवज आणि बाजारातला माल होता. संगणकाच्या पडद्यावरील नोंदीला तीच कसोटी लावण्यात कोणतीही ओढाताण नाही. तुपात भेसळ न करणाऱ्याने माहितीत ती का करावी?

दुसरी गोष्ट अनेकांताची. कोशातील चांगली नोंद एकाच बाजूने बोलत नाही. कारखान्याची वाढ सांगताना त्याच्यावर झालेली टीकाही ती सांगते. पैसे देऊन लिहविलेल्या पानावर एकच नय उरतो, तोही मालकाचा. आणि पान विकत घेणाऱ्याचा एक भ्रमही येथे दूर केला पाहिजे. विकिपीडियावरील पान कोणाच्या मालकीचे नसते. ते प्रसिद्ध झाल्यावर कोणीही त्यात भर घालू शकतो. कारखान्यातील अपघात, थकलेली देणी, न्यायालयातील वाद यांविषयी वर्तमानपत्रांत बातमी आली असेल, तर तीही उद्या त्याच पानावर नोंदली जाईल, आणि ती पुसण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला राहणार नाही. "कायमचे राहील" या आश्वासनाला म्हणूनच काही अर्थ नाही.

मोबदला उघड असला आणि हेतू शुद्ध असला म्हणून काम आपोआप चांगले होते, असेही नाही. २००९-१० च्या सुमारास गूगलने अनुवादकांना मोबदला देऊन तमिळ, तेलुगू, कन्नड आदी भाषांच्या विकिपीडियांत इंग्रजीवरून पुष्कळ लेख आणविले. तमिळ संपादकांनी त्यांतील कृत्रिम भाषा आणि वाचकांच्या गरजेशी न जुळणारी विषयांची निवड यांवर बोट ठेवले. शब्दांच्या मोजणीवर काम दिले की शब्द वाढतात. आशय वाढेलच असे नाही. पुण्यातही २०११ मध्ये काही महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहावयास दिले होते. तेथे पैशाच्या जागी गुण होते. अनेकांनी इतरत्र छापलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला. स्वयंसेवकांवर तो शोधून काढण्याचा भार पडला आणि त्याच वर्षअखेरीस तो उपक्रम थांबवावा लागला. मोबदला पैशाचा असो की गुणांचा, तपासणारा सक्षम नसेल तर नोंद कच्चीच राहते.

या व्यवहारात आणखी एका व्यक्तीचा विचार सहसा होत नाही, आणि तो म्हणजे प्रत्यक्ष लिहिणारा. चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात पदवी घेतलेले कितीतरी तरुण-तरुणी घरबसल्या लेखनाची कामे घेतात. मध्यस्थ मोठी रक्कम घेतो आणि लेखकाला प्रति शब्द काही पैसे देतो. खोट्या खात्यावरून लिहिण्याचे काम त्याच्याच हातून करवले जाते. प्रकरण उघडकीस आले की खाते त्याचे बंद होते. मध्यस्थ नवे नाव घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. आपल्या घरातील एखादी सून किंवा भाचा असे काम करीत असेल तर त्याला वडीलधाऱ्यांनी हे समजावून सांगावे. लेखनाचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही. ठरलेली रक्कम वेळेवर मिळावी, हा त्याचा हक्कच आहे. ज्या कामाखाली आपले नाव लिहिता येत नाही, ते काम मात्र आरंभीच नाकारावे.

मग आपल्या उदाहरणातील मुलाने काय करावे? प्रथम त्याने एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या कारखान्याविषयी आपल्याशी संबंध नसलेल्या वर्तमानपत्राने, नियतकालिकाने किंवा ग्रंथाने विस्ताराने काही लिहिले आहे काय? विकिपीडिया उल्लेखनीयता ठरवताना हेच पाहतो. प्रसिद्धीपत्रकावरून आलेली बातमी किंवा पैसे देऊन छापलेली स्तुती तेथे आधार म्हणून चालत नाही. उत्तर नकारार्थी असेल, तर कितीही कुशल लेखक लावला तरी पान टिकणार नाही. त्या रकमेत कारखान्याचे स्वतःचे संकेतस्थळ नीट करावे. गुणवत्तेची प्रमाणपत्रे, यंत्रसामग्री, संपर्क हे सारे तेथे आपल्या नावाने आणि आपल्या जबाबदारीवर मांडावे. परदेशी खरेदीदाराला हवी असलेली माहिती तीच असते. विकिपीडियावरील दुव्यामुळे शोधयंत्रात आपले संकेतस्थळ वर चढेल, ही समजूतही सोडून द्यावी. त्या दुव्यांना शोधयंत्रांनी वजन देऊ नये अशी सूचना २००७ पासूनच तेथे जोडलेली असते.

उत्तर होकारार्थी असेल, तर राजमार्ग मोकळा आहे. लेखाच्या चर्चापानावर आपले नाव आणि कंपनीशी असलेले नाते सांगावे, आधार पुढे ठेवावेत आणि भर घालण्याची किंवा चूक दुरुस्त करण्याची विनंती करावी. लेखक नेमायचाच असेल तर लेखी करार करावा. मोबदला उघड करण्याची अट त्यात घालावी, पान टिकण्याची हमी मागू नये आणि पावती घ्यावी. कोणी विकिपीडियाचा अधिकारी म्हणवून पैसे मागितले तर व्यवहार तेथेच थांबवावा. लेख स्वीकारण्यासाठी किंवा राखण्यासाठी विकिपीडिया शुल्क घेत नाही.

आणि हात सढळ असेल, तर खर्चाची याहून चांगली जागाही आहे. अमेरिकेतील फिलिप ग्रीनस्पन या संगणकतज्ज्ञाने २००७ च्या सुमारास विकिपीडियातील लेखांसाठी चित्रे काढणाऱ्यांना मोबदला देता यावा म्हणून वीस हजार डॉलर दिले. चित्रे त्याची नव्हती, विषयही त्याचे नव्हते. समाजातील ट्रस्ट आणि संघ असे काही करू शकतात. खेड, मावळ, जुन्नर या तालुक्यांतील जुनी जिनालये, तेथील शिलालेख, पेढ्यांची कागदपत्रे, पाडून टाकलेले वाडे यांची छायाचित्रे मुक्त परवान्याने उपलब्ध करून देता येतील. प्राकृत किंवा मोडी जाणणाऱ्या तरुण अभ्यासकाला शिष्यवृत्ती देऊन एका वर्षात वीस नोंदी साधार लिहविता येतील. त्यांची तपासणी दुसऱ्या जाणकाराकडे सोपवता येईल. पैसे कोणी दिले हे आरंभी सांगावे, मजकुरात ढवळाढवळ करू नये. दात्याचे स्वतःचे घराणे त्या वीस नोंदींत नसावे, एवढे पथ्य पुरे.

ज्ञानपंचमीला ग्रंथांपुढे दीप लागतो, आणि दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते. दोन्ही दिवशी हात जोडताना मनात एकच भाव असतो: लिहिलेले खरे असावे. उदाहरणातील वडिलांनी दूरध्वनीवरच्या मनुष्याला काय उत्तर द्यावे, हे आता वेगळे सांगावयास नको. मुलाच्या हाती मात्र त्यांनी एक काम द्यावे. कपाटातील आजोबांच्या दुकानाच्या वह्या बाहेर काढाव्यात, त्यांची पाने स्वच्छ करून छायाचित्रे घ्यावीत आणि ती एखाद्या संशोधन संस्थेला दाखवावीत. कारखाने येण्यापूर्वी या पट्ट्यात धान्य कोठून येई, गूळ कोठे जाई, उधारी किती दिवसांची असे, हे त्या वह्यांत असेल. उद्या निघोजे गावाची नोंद लिहिणाऱ्याला ती पाने आधार म्हणून उपयोगी पडतील, आणि कोणी अभ्यासक त्यांचा उल्लेख करील तेव्हा त्या घराण्याचे नाव विकत न घेता कोशात आलेले असेल.